एका बाजूने प्रकाश देऊनही दुसरा गाल काळोखात का जात नाही?

पुण्यात एकांकिकांच्या पोस्टरसाठी, नटांच्या पोर्टफोलिओसाठी किंवा लघुपटासाठी राहत्या घरात छायाचित्रण करणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. चेहऱ्याच्या एका बाजूला दिवा लावला, बाकीचे दिवे घालवले, पडदे ओढले, तरीही दुसरा गाल काळोखात जात नाही. तो करडा आणि निस्तेज दिसत राहतो, आणि मनात असलेल्या नाट्यमय चित्राऐवजी ओळखपत्राचा फोटो हाती येतो. मग कोणी दिव्याचा जोर वाढवतो, कोणी सॉफ्टबॉक्स (दिव्याचा प्रकाश मऊ करणारी, पांढऱ्या कापडाच्या तोंडाची पेटी) काढून उघडा दिवा लावतो, तर कोणी एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट चढवतो. पहिल्या उपायाने उजळ बाजू जळते, दुसऱ्याने त्वचेवरची प्रत्येक पुळी ठळक होते, तिसऱ्याने केस आणि काळा सदरा एकमेकांत मिसळून जातात. करडा गाल मात्र होता तसाच राहतो.

याचे कारण बहुतेक वेळा मुख्य दिव्यात नसते. सावलीच्या बाजूला कोठून तरी प्रकाश परत येत असतो, आणि तो कोठून येतो हे शोधून अडवल्याशिवाय कितीही महाग दिवा आणला तरी उपयोग होत नाही. म्हणून खालील लेखनाचा बराचसा भाग दिव्यांपेक्षा भिंती, फरशी, कापड आणि कॅमेऱ्यातील आपोआप चालणाऱ्या सोयी यांविषयी आहे.

आधी निदान

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून शटर (प्रकाश किती वेळ घ्यायचा), ॲपर्चर (किती मोठ्या छिद्रातून घ्यायचा) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) निश्चित करावेत, चेहऱ्याची उजळ बाजू व्यवस्थित दिसेल असा एक फोटो काढावा आणि मग काहीही न बदलता मुख्य दिवा बंद करून दुसरा फोटो काढावा. हा दुसरा फोटो जवळजवळ पूर्ण काळा यायला हवा. त्यात चेहरा ओळखू येत असेल, तर खोलीत बाहेरचा प्रकाश आहे: पडद्याच्या वरची फट, दाराखालून येणारा पॅसेजचा उजेड, बाजूला उघडा ठेवलेला लॅपटॉप. हे दुरुस्त करणे सोपे असते. फोटो काळा आला, तर सावलीच्या गालावर पडणारा सगळा प्रकाश मुख्य दिव्याचाच आहे आणि तो कशावर तरी आपटून परत येतो आहे, हे नक्की झाले.

कशावर, हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरातील स्टीलचा तांब्या आणावा. तो गुळगुळीत पोटाचा असावा. ठोक्यांची नक्षी असलेला चालत नाही. कलाकाराला उठवून त्याच्या डोक्याच्या जागी तांब्या धरायला सांगावे आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून त्याच्या फुगीर पोटाकडे नीट पाहावे. अख्खी खोली त्यात आक्रसून उमटलेली दिसते. एका कडेला सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन असतो, तो अपेक्षितच आहे. पण दुसऱ्या कडेला भिंतीचा फिकट उभा पट्टा दिसतो, खालच्या अंगाला फरशीची चकाकती कमान दिसते, वर छताचा धूसर डाग असतो आणि पुष्कळदा मधोमध फोटो काढणाऱ्याचा पांढरा शर्ट असतो. तांब्यात जे जे उजळ दिसते, ते ते चेहऱ्याच्या दृष्टीने दिवेच आहेत. चित्रपटांच्या व्हीएफएक्स (दृश्य परिणाम) विभागात सेटवरील प्रकाशाची नोंद घेण्यासाठी चकचकीत धातूचा गोळा वापरतात, तो याच तत्त्वावर.

भिंत, फरशी, छत आणि कपडे

पांढऱ्या रंगाची भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश परत फेकते. दिवा चेहऱ्यापासून अडीच मीटरवर आणि सावलीच्या बाजूची भिंत चेहऱ्यापासून एक मीटरवर असेल, तर चेहऱ्यावर जितका प्रकाश पडतो त्याच्या निम्मा त्या भिंतीवरही पडतो, कारण प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तोच दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आणला, तर भिंतीला चेहऱ्याच्या केवळ एक चतुर्थांश प्रकाश मिळतो. दिवा लांब नेल्याने चित्र अधिक गडद होईल ही समजूत पुष्कळांची असते. प्रत्यक्षात एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा एकूण प्रकाश, जुळवून घेतल्यावर परिणाम अगदी उलट होतो. म्हणून स्थिर छायाचित्रात दिवा फ्रेमच्या कडेपर्यंत जवळ आणणे, त्याचा जोर कमी करणे आणि कलाकाराची खुर्ची भिंतीपासून जितकी दूर सरकेल तितकी सरकवणे, हा पहिला उपाय. पाठीमागची भिंत काळी हवी असेल तरी हेच करावे: दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि पार्श्वभूमी दिव्यापासून तीन मीटरवर असेल, तर पार्श्वभूमीला चेहऱ्याच्या एक नवमांश प्रकाश मिळतो, म्हणजे ती तीन स्टॉपहून थोडी अधिकच खाली जाते (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा, एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट).

दहा बाय बाराच्या खोलीत हे अंतर मिळत नाही, आणि तेथे काळे कापड लागते. चित्रपटाच्या सेटवर लाइटमन प्रकाश कापण्यासाठी काळ्या कापडाचा कटर लावतात. येथे तेच कापड प्रकाश शोषून घेण्यासाठी सावलीच्या गालाजवळ उभे करायचे आहे. ते गालापासून एक-दीड फुटावर, फ्रेममध्ये येणार नाही इतपत जवळ, आणि डोक्याच्या वरपासून कमरेपर्यंत असावे. पाच फुटांवर भिंतीला टांगलेला काळा रुमाल काही करत नाही. कापड निवडताना ते काळे आहे की नाही यापेक्षा ते चमकते की नाही हे आधी पाहावे. अस्तराचे सॅटिन किंवा टेरिकॉट काळे असूनही प्रकाश परत देते. मखमल किंवा जाड सुती कापड चांगले, आणि घरात काळी घोंगडी असेल तर दुकानात जाण्याचेही कारण नाही. तिच्या खरखरीत लोकरीइतका प्रकाश गिळणारी वस्तू विकत घ्यायला गेल्यास बरेच पैसे मोजावे लागतात. ती अडकवण्यासाठी कपडे वाळत घालण्याचा स्टँड पुरतो.

फरशीकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. नव्या इमारतींमध्ये फिकट, गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात आणि वरून तिरपा लावलेला दिवा त्यांवर आपटून थेट हनुवटीखाली पोहोचतो. जबड्याची रेषा पुसट होते, नाकपुड्या उजळतात, भुवयांखालची सावली विरघळते, आणि सगळे बरोबर असूनही काहीतरी खटकते आहे एवढेच जाणवते. दिवा आणि खुर्ची यांच्यामधील फरशीवर गडद सतरंजी पसरली की फरक लगेच दिसतो. एका भिंतीला हौसेने पिवळा किंवा भगवा रंग दिलेला असेल, तर तिच्यावरून आलेल्या प्रकाशामुळे सावलीचा गाल कावीळ झाल्यासारखा दिसतो, आणि व्हाइट बॅलन्स बदलून ते सुधारत नाही, कारण रंगाचा दोष चेहऱ्याच्या अर्ध्याच भागात असतो.

छतासाठी दिव्याची निवड महत्त्वाची ठरते. दिव्याला लावायची फोटोग्राफीची छत्री हा अशा कामासाठी सर्वांत वाईट पर्याय आहे. तिचा प्रकाश चारी दिशांना सांडतो आणि खोलीचे प्रत्येक टोक उजळून काढतो. सॉफ्टबॉक्सच्या तोंडावर कापडी ग्रिड, म्हणजे चौकोनी खणांची जाळी, लावल्यास प्रकाश समोरच्या दिशेपुरता राहतो. ग्रिड नसेल तर अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या सॉफ्टबॉक्सच्या वरच्या आणि भिंतीकडच्या कडेला झडपांसारख्या चिकटवाव्यात. एलईडी दिव्याला हे चालते. हॅलोजनजवळ कागद लावू नये, तो पेट घेऊ शकतो.

पात्राचा पोशाख पांढरा असेल, उदाहरणार्थ सदरा, धोतर आणि गांधी टोपी, तर तो पोशाखच परावर्तक होतो. सदऱ्यावर एक्स्पोजर बेतले तर चेहरा बुडतो, चेहऱ्यावर बेतले तर सदरा जळतो. चित्रपटांचे वेशभूषाकार असे पांढरे कपडे चहाच्या पाण्यातून काढतात. पडद्यावर ते पांढरेच दिसतात, परंतु अर्धा-पाऊण स्टॉप खाली येतात.

ही सगळी उठाठेव लहान खोलीत का करावी लागते, हे लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूटचे आवार आठवले की कळते. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून तेथे आली आणि त्याच आवारात १९६० मध्ये इन्स्टिट्यूट सुरू झाली. अशा उंच छपराच्या, लांबरुंद स्टुडिओत चेहऱ्याला चुकवून गेलेला प्रकाश दूरवरच्या अंधारात विरून जातो, परत येत नाही. तेथे एका दिव्याने जे साधते, त्यासाठी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एक दिवा आणि चार काळी कापडे लागतात. उलट, परतून येणारा प्रकाश मुद्दाम वापरण्याची कलाही आहेच. ‘अपराजितो’ या १९५६ च्या चित्रपटात छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराच्या अंगणाचा कोलकात्यात उभारलेला सेट ताणलेल्या पांढऱ्या कापडावरून परावर्तित केलेल्या प्रकाशाने उजळला, आणि तेथे खऱ्या आभाळाचा मऊ उजेड उतरला. तेथे योजून केलेले काम आपल्या खोलीत भिंती न विचारता करून टाकतात.

मऊ कड आणि गडद सावली

सॉफ्टबॉक्स काढून उघडा दिवा लावण्याचा उपाय का फसतो, ते येथे सांगितले पाहिजे. सावलीची कड किती मऊ असावी हे चेहऱ्यावरून पाहता दिव्याचा आकार किती मोठा दिसतो यावर ठरते. सावली किती गडद असावी हे तिच्यात परत येणाऱ्या प्रकाशावर ठरते. या दोन्ही गोष्टी बव्हंशी स्वतंत्र आहेत. उघड्या दिव्याने कड धारदार होते, परंतु भिंत जागेवरच असल्यामुळे सावली करडी ती करडीच राहते. मोठा सॉफ्टबॉक्स जवळ आणि पलीकडे काळे कापड, अशी मांडणी केल्यास उजेडातून अंधाराकडे जाणारा उतार मऊ राहतो आणि शेवटी खरा काळोख येतो. सावळ्या आणि तेलकट त्वचेला ही मांडणी विशेष मानवते, कारण लहान दिव्याचे चकाकते ठिपके कपाळावर व गालफडावर उठतात, तर मोठ्या दिव्याची चकाकी पसरून चेहऱ्याची घडण दाखवते.

कॅमेरा सावली पुसतो तेव्हा

खोली नीट झाकूनही चित्र उजळ येत असेल, तर कॅमेरा तपासावा. स्वयंचलित एक्स्पोजर संपूर्ण दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू पाहते; फ्रेमचा दोन तृतीयांश भाग काळा असेल तर तो करडा होईपर्यंत चित्र उजळवते आणि त्यात गाल जळतो. ऑटो आयएसओ चालू राहिल्यास मॅन्युअलवर ठेवूनही हेच घडते. त्याशिवाय अनेक कॅमेऱ्यांत सावल्या उचलणारी सोय मेनूत आधीपासून चालू असते. ती बंद करावी. फोनमध्ये एचडीआर, नाइट मोड आणि चेहरा उजळवणारी सौंदर्यसाधना बंद करून उजळ गालावर बोट ठेवावे, एक्स्पोजर लॉक करावे आणि पट्टी खाली ओढावी. काही फोन एचडीआर पूर्ण बंद करू देत नाहीत. त्यांत रॉ किंवा प्रो मोड वापरावा.

नजरेवर विसंबून राहण्यापेक्षा स्पॉट मीटरने, म्हणजे दृश्याच्या लहानशा भागाचाच प्रकाश मोजणाऱ्या सोयीने, दोन्ही गाल मोजणे चांगले. दोन्हींत एक स्टॉपचा फरक म्हणजे दोनास एक, दोन स्टॉप म्हणजे चारास एक, तीन स्टॉप म्हणजे आठास एक असे प्रमाण होते. नाटकाच्या पोस्टरला तीन किंवा त्याहून अधिक स्टॉप शोभतात, नटाच्या पोर्टफोलिओला दोन पुरेसे आहेत. वधू-वर सूचक मंडळात द्यायच्या फोटोला एकच स्टॉप ठेवावा. तेथे अर्धा चेहरा अंधारात ठेवला तर समोरचे पालक भलतीच शंका काढतात.

खिडकी हाच दिवा असेल तर

उत्तरेच्या खिडकीत कधीच थेट ऊन येत नाही, हा युरोपीय चित्रकारांच्या स्टुडिओंतून आलेला सल्ला पुण्यात जसाच्या तसा लागू पडत नाही. पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यदेखील डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपी उन्हे उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत येतात. त्या महिन्यांत खिडकीला बटर पेपर लावण्याची तयारी ठेवावी. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश मिनिटागणिक बदलतो. स्थिर छायाचित्राला ते चालते, पण संवादाच्या दृश्यात एका शॉटमधील गाल दुसऱ्याशी जुळत नाही. पेठांतील उरल्यासुरल्या वाड्यांमध्ये लाकडी तक्तपोशी आणि काळवंडलेले खांब प्रकाश शोषून घेत असल्याने तेथे एकाच खिडकीवर सुरेख काम होते. तशी परवानगी मिळत असेल तर सॉफ्टबॉक्स घरीच ठेवावा.

काळोख मिळाला, पण चेहरा बिघडला

सावली गडद झाल्यावर दिव्याच्या जागेतील दोष उघडे पडतात. रेम्ब्रांटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत सावलीच्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा लहान त्रिकोण उरतो. तो डोळ्याहून रुंद आणि नाकाहून लांब नसावा. त्रिकोण बंदच होत नसेल, म्हणजे नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळत नसेल, तर दिवा फार समोर किंवा फार खाली आहे. त्रिकोण नाहीसाच झाला असेल तर दिवा फार बाजूला गेला आहे, किंवा कलाकाराने मान पलीकडे वळवली आहे. पंचेचाळीस अंशांचा नियम केवळ सुरुवातीसाठी आहे; नाक बसके असेल तर दिवा अधिक बाजूला न्यावा लागतो, आणि दर वेळी स्टँड हलवण्यापेक्षा कलाकाराला मान इंचभर वळवायला सांगणे सोपे पडते.

डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडून नजर मेल्यासारखी दिसत असेल, तर दिवा खाली आणावा, इतका की बुबुळाच्या वरच्या भागात त्याचे प्रतिबिंब दिसेल. तरीही जमत नसेल तर कॅमेऱ्याजवळ अगदी मंद असा लहान दिवा ठेवावा. डोळ्यात चमक येईल, पण गाल उजळणार नाही इतकाच त्याचा जोर असावा. चष्म्यावर सॉफ्टबॉक्स दिसत असेल तर दिवा वर आणि बाजूला सरकवावा किंवा चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात.

चित्रफितीतील वेगळ्या अडचणी

वर दिवा जवळ आणण्याचा जो उपाय सांगितला, तो कलाकार चालू लागला की गोत्यात आणतो. दिवा एक मीटरवर असताना कलाकार अर्धा मीटर पुढे सरकला, तर त्याच्यावरचा प्रकाश चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉप वाढतो; दिवा तीन मीटरवर असेल तर तेवढ्याच हालचालीने अर्ध्या स्टॉपचाच फरक पडतो. सॉफ्टबॉक्स मोठा असेल तर हे आकडे थोडे सौम्य होतात. त्यामुळे हालचालीच्या दृश्यात दिवा लांब न्यावा, जोर वाढवावा, आणि त्यामुळे भिंतींवर वाढलेला प्रकाश ग्रिडने व कटरने कापावा. येथे कापडांची संख्या वाढते, त्याला इलाज नाही.

चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर दोष शटरचा आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे बल्ब आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास पट्टे दिसत नाहीत. सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेम असतील तर १/५० योग्य ठरते. फोन ३० फ्रेमला आपोआप १/६० निवडत असेल तर तेथेच गडबड होते. तरीही पट्टे राहिले तर डिमरवर, म्हणजे दिवा मंद करणाऱ्या सोयीवर, संशय घ्यावा: अनेक स्वस्त एलईडी दिवे मंद करताना वेगाने चालू-बंद होतात आणि त्या वेगाचा विजेच्या वारंवारतेशी संबंध नसतो. असा दिवा पूर्ण जोरावर ठेवून लांब न्यावा किंवा त्यावर बटर पेपरचा आणखी एक पदर चढवावा.

काळ्या भागात दाणे वळवळत असतील, तर अंधार दाखवण्यासाठी खोलीच अंधारी ठेवली गेली आहे आणि आयएसओ वर गेला आहे. दिव्याचा जोर वाढवून आयएसओ खाली आणावा. दोन्ही गालांतील फरक तोच राहतो आणि दाणे कमी होतात.

प्रकाशाचा झोत हवेत दिसत नसेल तर हवेत धूर नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘कागज़ के फूल’ या १९५९ च्या चित्रपटात छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी आत घेतलेल्या सूर्यप्रकाशाचा झोत प्रसिद्ध आहे. असा झोत दिसतो तो हवेतील कणांमुळेच. घरी धूप किंवा ऊद पुरतो, मात्र धूर सगळीकडे सारखा पसरेपर्यंत थांबावे आणि झोत कॅमेऱ्याच्या समोरून किंवा बाजूने आणावा. कॅमेऱ्याच्या पाठीमागून टाकलेला झोत धुरातही फिका पडतो. धूर प्रकाशाला सावलीच्या बाजूलाही पसरवतो, म्हणून तो जितका कमी तितका बरा. दमेकरी घरात असेल तर हा बेतच रद्द करावा.

अपलोड केल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात, ही शेवटची नेहमीची तक्रार. फाइल दाबली जाताना अंधारातील मंद उतार सर्वांत आधी तुटतो. एडिटिंगमध्ये संपूर्ण चित्रावर अगदी बारीक ग्रेन (कृत्रिम दाणा) घालावा, जास्त बिटरेटने, म्हणजे फाइल कमी दाबून, एक्स्पोर्ट करावे, आणि चित्रीकरणाच्या वेळीच पार्श्वभूमी एकतर निखळ काळी ठेवावी किंवा तिच्यावर लहान दिव्याने स्पष्ट उजेड टाकावा. मधल्या अर्धवट अंधारातच हे पट्टे सर्वाधिक दिसतात.